ओवीला ट्रॅक कशाला?



परवा आमच्या महिला मंडळात ओव्यांचा कार्यक्रम बसवायला घेतला. नऊवारी, नथ, फुलं लावलेलं दगडी जातं, मोबाईलवर ट्रॅक, सगळं ठरलं. आणि माझ्या चुलत सासूबाईंना मात्र ‘तुम्ही तालात बसत नाही’ म्हणून प्रेक्षकांत बसवलं. मीही गप्प राहिले, ते अजून टोचतंय.

आमच्यात पहाटे उठून खरोखर जात्याचा खुंटा धरलेल्या त्या एकट्याच! ओवीचा ताल म्हणजे जात्याचा फेरा. दळण जड असलं की गळाही संथ. समोर जाऊ बसलेली. एकीनं उचलायची, दुसरीनं पुढे न्यायची. माहेर, भाऊ, सासुरवास, कुणाला न सांगता येणारं सगळं त्यातच. पुण्याच्या हेमा राईरकर आणि गी पॉइटवाँ यांच्या गटाने गावोगावच्या बायकांकडून लाखाहून जास्त ओव्या गोळा केल्या, त्या काय सूर तपासून?

नथ खुशाल घाला, हौस आहे. पण ट्रॅक बंद करा. काकूंना मधे बसवा, त्या म्हणतील तशी आपण मागून साथ देऊ. मंगळवारच्या तालमीत मी हे बोलणार आहे. काकूंना अजून विचारलेलं नाही, त्या रुसल्यात.