दर्शनी भाग कुणाचा? शेतकरी संघाची इमारत आणि गंगाराम कांबळेंचे हॉटेल

कोल्हापूरच्या भवानी मंडप परिसरात जुना राजवाडा आहे, पलीकडे अंबाबाईचे मंदिर आहे आणि याच गर्दीत शेतकरी सहकारी संघाची इमारत आहे. 'बैल छाप' या चार अक्षरांनी संघाला जिल्ह्यातले प्रत्येक खेडे ओळखते. 2023 च्या नवरात्रात भाविकांच्या सोयीसाठी म्हणून जिल्हा प्रशासनाने या इमारतीचा ताबा घेतला, तोही आपत्ती व्यवस्थापन कायद्याचा आधार घेऊन. नवरात्र दरवर्षी येते, कॅलेंडरमध्ये छापून येते. ती आपत्ती कशी काय, हा साधा प्रश्न होता. संघ उच्च न्यायालयात गेला आणि न्यायालयाने ती कारवाई रद्द ठरवली.

त्यानंतर 6 मे 2025 रोजी चौंडीला राज्य मंत्रिमंडळाची बैठक झाली आणि तीत महालक्ष्मी मंदिर विकास आराखड्याला 1,445.97 कोटी रुपयांची मंजुरी मिळाली. एवढा पैसा एका परिसरात येतो तेव्हा आसपासच्या प्रत्येक इमारतीच्या तोंडावळ्याचा प्रश्न उभा राहतो. संघाच्या इमारतीचे काय करावे, याची चर्चा चहाच्या गाड्यावरसुद्धा चालते. कुणी म्हणतो, काचेचा मॉल करा, पर्यटक आत येतील. कुणी म्हणतो, काळ्या दगडाचा 'हेरिटेज लूक' द्या, राजवाड्याला शोभेल. कुणाला तिथे यात्री निवास हवा आहे.

तिन्ही सूचनांत रस्त्यावरून ही इमारत बघणाऱ्याचा विचार आहे. तिच्यात काम कोण करणार, तिच्यासमोरच्या फुटपाथवर कोण बसणार आणि तिच्या गाळ्यावर कुणाच्या नावाची पाटी लागणार, हे कुणीच विचारत नाही. आंबेडकरी कार्यकर्ता म्हणून मला हाच प्रश्न पहिला वाटतो.

आधी 'हेरिटेज लूक'चे बघू. आपल्या जुन्या पेठांतले दुकान म्हणजे फळ्यांची दारे, लाकडी खांब आणि समोर उंच ओटा. आज त्याचे फोटो काढले जातात. पण तो ओटा नुसता पावसापाण्यापासून माल वाचवण्यासाठी नव्हता. सवर्ण गिऱ्हाईक ओट्यावर टेकायचे, सुपारी कातरत भाव करायचे. अस्पृश्य गिऱ्हाईक खाली रस्त्यावर उभे राहायचे. त्याने पैसे लांब ठेवायचे, दुकानदाराने त्यावर पाणी शिंपडून उचलायचे आणि माल वरून टाकायचा. माल तोच, पैसेही तेच, मधली दीड-दोन हातांची उंची मात्र जातीची. म्हणून कुणी मला जुन्या पेठेच्या सौंदर्याबद्दल सांगू लागले की मी विचारतो, तुमचे आजोबा त्या ओट्यावर बसायचे की खाली उभे राहायचे?

आता याच शहरातल्या दुसऱ्या दुकानाची गोष्ट. ती आपल्याला पाठ आहे, पण दुकानाची गोष्ट म्हणून आपण ती क्वचितच वाचतो. गंगाराम कांबळे शाहू महाराजांच्या पागेत नोकरीला होते. मराठा नोकरांसाठी राखलेल्या हौदाचे पाणी घेतले म्हणून त्यांना बेदम मारहाण झाली. महाराज परतल्यावर गंगारामांनी आपली पाठ उघडी करून दाखवली. महाराजांनी मारणाऱ्यांना शिक्षा केली आणि गंगारामांना स्वतःचा धंदा काढायला मदत केली. भाऊसिंगजी रोडवर 'सत्यसुधारक' हॉटेल उभे राहिले. महाराचे हॉटेल, म्हणून तिथे सवर्ण फिरकेनात. मग महाराजांची गाडी त्या हॉटेलसमोर थांबू लागली. भर रस्त्यात, लोकांच्या देखत ते गंगारामांकडचा चहा घ्यायचे आणि सोबतच्या सरदार-अधिकाऱ्यांनाही घ्यायला लावायचे.

यातला बारकावा लक्षात घ्या. महाराजांना चहा राजवाड्यावर मागवता आला असता. गंगारामांना एखादी मोठी रक्कम देऊन गावाबाहेर जमीनही देता आली असती. त्यांनी तसे केले नाही. वर्दळीचा रस्ता निवडला आणि स्वतः तिथे थांबून गिऱ्हाईक कसे वळवायचे ते दाखवले. आज मॉलवाले ज्याला 'फूटफॉल' म्हणतात, त्याच्या आड जात उभी असते हे त्यांना कळले होते. दुकान कितीही देखणे असो, मालकाचे नाव कळल्यावर गिऱ्हाईक पाय मागे घेत असेल तर रंगरंगोटीचा काय उपयोग?

बाबासाहेबांनाही हे नेमके माहीत होते. संविधानाचे कलम 15 (2) काढून वाचा. धर्म, वंश, जात, लिंग, जन्मस्थान या कारणांवरून कोणत्याही नागरिकाला जिथे अडवता येणार नाही अशा जागांची यादी तिथे आहे. त्या यादीतली पहिली जागा आहे दुकाने. मग उपाहारगृहे, हॉटेले, करमणुकीच्या जागा आणि पुढे विहिरी, तलाव, घाट, रस्ते. महाडच्या तळ्याचा सत्याग्रह 1927 चा. त्या तळ्याच्या आधी दुकानाचा उल्लेख का येतो, याचा विचार आपल्या अभ्यासवर्गांत व्हायला हवा. रोजच्या जगण्यात माणूस देवळापेक्षा जास्त वेळा दुकानात जातो.

हा प्रश्न भारतापुरता नाही. अमेरिकेतल्या ग्रीन्सबरो शहरात भर बाजारपेठेत वूलवर्थचे मोठे डिपार्टमेंट स्टोअर होते. कृष्णवर्णीय माणूस तिथे साबण, वही, कापड काहीही विकत घेऊ शकत होता. फक्त जेवणाच्या काउंटरवर बसू शकत नव्हता. 1 फेब्रुवारी 1960 रोजी चार कृष्णवर्णीय विद्यार्थी त्या काउंटरवर जाऊन बसले आणि कॉफी मागितली. ती मिळाली नाही, तरी ते दुकान बंद होईपर्यंत उठले नाहीत. दुसऱ्या दिवशी आणखी विद्यार्थी आले. आंदोलन इतर शहरांत पसरले, विक्री घसरली आणि जुलैच्या शेवटी काउंटर सगळ्यांना खुला झाला. पुढे 1993 मध्ये ते दुकान बंद पडले, जागा पाडून पार्किंग करण्याचे घाटत होते. स्थानिक लोकांनी ती वाचवली आणि 2010 मध्ये तिथे नागरी हक्कांचे संग्रहालय उघडले. तो काउंटर आजही तिथेच आहे. इमारतीचे नूतनीकरण तिचा खरा इतिहास पुढे ठेवूनही करता येते, ते असे.

कुणी म्हणेल, आता कुठे राहिले हे सगळे? मी माझा अनुभव सांगतो. कॉलेजात असताना दिवाळीच्या हंगामात मी एका मोठ्या कापड दुकानात कामाला लागलो होतो. पहिल्या दिवशी मालकाने नाव विचारले, मग आडनाव, मग गाव आणि गावात घर कुठल्या बाजूला. माझ्याबरोबर लागलेले दोघे काउंटरवर गेले. मला गोडाऊनमध्ये गठ्ठे फोडायला पाठवले. कुणी शिवी दिली नाही, कुणी ग्लास वेगळा ठेवला नाही. फक्त गिऱ्हाइकासमोर माझे तोंड येणार नाही, एवढी व्यवस्था झाली. महिनाभर मी त्या दुकानात मागच्या दाराने ये-जा केली. दर्शनी भाग म्हणजे काय, हे मी तिथे शिकलो.

आजची काचेची दुकाने बघा. दारात गणवेश घातलेला रखवालदार आहे, तो कुणाकडे बघून दार उघडतो आणि कुणाकडे बघून 'काय पाहिजे?' विचारतो, ते तासभर उभे राहून पाहा. दिवसभर उभ्या असलेल्या मुलींना बसायला स्टूल नाही. केरळने 2018 मध्ये आणि तामिळनाडूने 2021 मध्ये दुकानातल्या कामगारांना बसण्याचा हक्क कायद्याने दिला. बसण्याच्या हक्कासाठी कायदा करावा लागतो, यावरून ओळखा.

आणि चप्पल. कोल्हापूरला येणारा पर्यटक चप्पल घेतल्याशिवाय जात नाही. 2019 मध्ये कोल्हापुरी चपलेला भौगोलिक मानांकन मिळाले, महाराष्ट्रातल्या संत रोहिदास महामंडळाच्या आणि कर्नाटकातल्या लिडकरच्या नावे. जून 2025 मध्ये मिलानच्या फॅशन शोमध्ये प्राडाने तसल्याच चपला दाखवल्या आणि सगळ्या महाराष्ट्राची अस्मिता दुखावली. ज्या चर्मकाराच्या हाताला पिढ्यान् पिढ्या विटाळ मानले, त्याची चपल अचानक 'आपली' झाली. पण भवानी मंडपाच्या आसपास भर चौकात चर्मकार कारागिराच्या स्वतःच्या मालकीचे मोठे दुकान काढायचे म्हटले तर जागा आणि भांडवल कोण देणार? चपल काचेच्या कपाटात आणि ती शिवणारा गल्लीच्या टोकाला, ही मांडणी प्राडाने केलेली नाही. ती आपलीच आहे.

'तुम्ही प्रत्येक गोष्टीत जात आणता' हा आक्षेप येणारच. जात आम्ही आणलेली नाही. ती ओट्याच्या उंचीत होती, हौदाच्या तोटीवर होती, आता मुलाखतीच्या वेळी विचारलेल्या आडनावात आहे. सहकारी संस्थेची इमारत तर सभासदांच्या भागभांडवलावर उभी असते. तिला सार्वजनिक पैशाच्या विकासाचा फायदा मिळणार असेल, तर सार्वजनिक न्यायाची अटही लागू झाली पाहिजे.

म्हणून या इमारतीचे आणि मंदिर परिसराचे जे काही रूप ठरेल, त्यात आपण मागायच्या गोष्टी स्पष्ट असाव्यात. प्रवेश रस्त्याच्या पातळीवर असावा, चढावा लागणारा ओटा नको. व्हीलचेअरवरचा माणूस आणि डोक्यावर बोजा घेतलेली बाई दोघांनाही सरळ आत जाता यावे. तळमजल्यावरच्या रस्त्याकडच्या गाळ्यांत अनुसूचित जाती-जमाती आणि भटक्या-विमुक्तांच्या उद्योजकांना व महिला बचत गटांना ठरावीक हिस्सा मिळावा, मागच्या बाजूचे उरलेसुरले गाळे नकोत. चपलेच्या दुकानात कारागिराचे नाव आणि गाव लिहिलेले असावे आणि त्याचा दामही. काउंटरवरच्या नेमणुकांत प्रतिनिधित्व असावे. इमारतीसमोर पावसात आडोसा देणारा सज्जा, सर्वांसाठी खुले स्वच्छतागृह आणि पाणी असावे.

फुटपाथवरच्या विक्रेत्यांचे तर कायदाच सांगतो. 2014 च्या पथविक्रेता कायद्यानुसार नगर पथविक्रेता समितीत किमान 40 टक्के सदस्य विक्रेत्यांनी निवडून दिलेले असावे लागतात, त्यांत एक तृतीयांश महिला, शिवाय अनुसूचित जाती-जमातींना प्रतिनिधित्व. सर्वेक्षण पूर्ण झाल्याशिवाय कुणाला हटवता येत नाही. 'परिसर सुशोभीकरण' या शब्दाखाली गजरेवाली आणि फळवाला उचलला जाऊ नये, यासाठी आपल्या कार्यकर्त्यांनी हा कायदा खिशात ठेवून फिरले पाहिजे. आराखड्यावर हरकती-सूचना मागवतील तेव्हा मोर्च्याइतकेच महत्त्व लेखी हरकतीला द्या. विषय, कलम, मागणी आणि पोच घेतलेली प्रत.

भवानी मंडपापासून बिंदू चौक चालत काही मिनिटांवर आहे. 9 डिसेंबर 1950 रोजी, बाबासाहेब हयात असताना, या शहराने भाई माधवराव बागलांच्या पुढाकाराने तिथे महात्मा फुले आणि बाबासाहेबांचे पुतळे बसवले. ते एखाद्या वस्तीच्या कोपऱ्यात बसवले नाहीत, चौकात बसवले. जागा कुठली द्यायची यातून मान ठरतो, हे कोल्हापूरला तेव्हा कळत होते. शाहूंच्या नगरीत नवी इमारत उभी राहील तेव्हा गंगाराम कांबळेंचा वारस तिच्या कुठल्या दाराने आत जाणार, हे आपण आजच विचारू या.

जय भीम!