मानकऱ्यांच्या यादीतली गळती

संपादक महोदय,

रविवार पुरवणीतील ‘नभोवाणीचे मानकरी’ या लेखातली तीन विधाने तपासून घ्यायला हवी होती.

एक, ‘गीतरामायण’ मुंबई केंद्राची निर्मिती नव्हे. १ एप्रिल १९५५ रोजी, रामनवमीला, ते आकाशवाणीच्या पुणे केंद्रावरून सुरू झाले. ५६ गीतांचे श्रेय गदिमा आणि सुधीर फडके यांचेच; पण त्यामागे उभे राहिलेले केंद्रावरचे सीताकांत लाड यांचे नाव लेखात कुठेच नाही.

दोन, खासगी एफएम वाहिन्या ‘आळसापायी बातम्या देत नाहीत’, हा आरोप निराधार आहे. त्यांना स्वतःच्या बातम्या देण्याची परवानगीच नाही; आकाशवाणीचे बातमीपत्र जसेच्या तसे सहक्षेपित करण्यापुरतीच मुभा आहे. दोष नियमाचा, खापर मात्र निवेदकांवर!

तीन, ‘खेड्यात रेडिओ संपला’. लेखकाने एकदा म्हसवडला जावे. २००८ पासून तिथे ‘माणदेशी तरंग’ हा सामुदायिक रेडिओ माणदेशातल्या बायाबापड्यांशी त्यांच्याच बोलीत बोलतो आहे.

आता लेखातल्या मानकऱ्यांच्या यादीविषयी. आवाज लोकप्रिय असणे हा सन्मानाचा एक निकष झाला, एकमेव नव्हे. पहाटेच्या पाळीचा नैमित्तिक उद्घोषक, ध्वनिमुद्रक, बातमीपत्राचा अनुवादक यांना वगळून केलेली यादी मानकऱ्यांची नव्हे, ओळखीच्यांची ठरते. लेखकाचा एक मुद्दा मान्य: सन्मान उशिरा मिळतात. पण चुकीच्या माहितीवर दिल्याने ते लवकर मिळणार नाहीत.

कळावे,
एक जुना श्रोता, सातारा