गळा गायकाचा, मालकी कुणाची?

मुंबई उच्च न्यायालयाने जुलै २०२४ मध्ये अरिजित सिंग यांना आणि २०२५ मध्ये आशा भोसले यांना अंतरिम संरक्षण दिले. गायकाच्या संमतीवाचून त्याचा आवाज कृत्रिम बुद्धिमत्तेच्या साहाय्याने हुबेहूब उतरवणे आणि तशी साधने बाजारात मांडणे हा त्याच्या व्यक्तिमत्त्वावरील अधिकाराचा भंग होय, अशी भूमिका न्यायालयाने घेतली. वृत्तपत्रांनी या आदेशांचे स्वागत केले, आणि ते योग्यच झाले. ज्या गळ्याने पाऊणशे वर्षे गायन केले तो गळा कोणत्याही परदेशी कंपनीने यंत्रात घालून विक्रीला काढावा, ही चोरीच होती. आणि चोरीला चोरी म्हणणारे न्यायालय देशात आहे ही समाधानाची गोष्ट आहे.

परंतु या समाधानात एक मोठा प्रश्न दडपला जात आहे. न्यायालयाने संरक्षण दिले ते ‘प्रसिद्ध व्यक्ती’ला. ज्याच्या नावाला बाजारात किंमत आहे त्याच्या नावाचा आणि आवाजाचा गैरवापर होऊ नये, हे या निवाड्यांचे सूत्र. मग ज्याच्या नावाला बाजारात किंमत नाही, पण ज्याचा गळा बाजाराला हवा आहे, त्याचे काय? समूहगानात मागे उभी राहणारी गायिका, जाहिरातीच्या चार ओळी गाऊन घरी जाणारा तरुण, मोठ्या गायकासाठी आधी नमुन्याचे गाणे गाऊन ठेवणारा होतकरू, लग्नाच्या ऑर्केस्ट्रात रात्र जागवणारा कलावंत, तमाशाच्या फडावरची गायिका, गोंधळी, शाहीर यांनी कोणत्या दाराशी जावे? उच्च न्यायालयात दावा चालवण्याइतका पैसा त्यांच्यापाशी नाही. आणि पैसा उभा केला तरी आपण ‘प्रसिद्ध’ आहोत हे त्यांना आधी सिद्ध करावे लागणार. थोडक्यात, सध्याचा न्याय हा कीर्तीचा न्याय आहे. श्रमाचा न्याय अजून व्हायचाच आहे.

कायद्याची स्थिती तपासली तर हे अधिकच स्पष्ट होते. १९५७ च्या कॉपीराइट कायद्यात कलावंताच्या सादरीकरणाला हक्क दिलेला आहे. २०१२ च्या दुरुस्तीने तो व्यापक केला, व्यापारी वापरासाठी स्वामित्वधन मान्य केले, आणि आपले सादरीकरण विकृत करण्यास हरकत घेण्याचा नैतिक हक्कही दिला. पण हा सर्व हक्क झालेल्या सादरीकरणाचा आहे, गळ्याचा नाही. यंत्र जुने ध्वनिमुद्रण ऐकते, त्यातून आवाजाचा पोत, श्वासाची जागा, मुरकीची लकब उचलते, आणि गायकाने जे कधी गायिलेच नाही ते त्याच्याकडून गाऊन घेते. मूळ सादरीकरणाची प्रत निघालेलीच नसते. म्हणून कायद्याचे बोट त्यावर नेमके पडत नाही, आणि न्यायालयांना व्यक्तिमत्त्वाच्या अधिकाराचा आडमार्ग धरावा लागतो. फेब्रुवारी २०२६ मध्ये केंद्र सरकारने माहिती तंत्रज्ञान नियमांत दुरुस्ती करून कृत्रिम निर्मितीवर तशी खूण करणे बंधनकारक केले. फसवणूक टाळण्यासाठी ही खूण उपयोगी आहे. पण चोरीच्या मालावर ‘हा माल चोरीचा आहे’ अशी चिठ्ठी लावल्याने मालकाला त्याचे मोल मिळत नाही.

येथे एक आक्षेप नेहमी पुढे केला जातो. नक्कल काय आजची आहे? शिष्य गुरूच्या गळ्याची नक्कल करूनच शिकतो. बालगंधर्वांच्या गायकीच्या छायेत मराठी रंगभूमीवरील कित्येक गायक वाढले. कॅसेटच्या काळात जुनी गाणी नव्या गळ्यांतून गाऊन घेण्याचा धंदाच उभा राहिला. मग यंत्राने तेच केले तर आकांत कशाला? आक्षेप वरवर सयुक्तिक वाटतो, पण त्यात अर्थशास्त्राचा साधा विसर आहे. २०११ च्या ‘बालगंधर्व’ चित्रपटासाठी आनंद भाटे गायिले तेव्हा त्यामागे त्यांची बालपणापासूनची तालीम होती. त्या गायनाचा मोबदला आणि राष्ट्रीय पुरस्काराचा मान एका गाणाऱ्या माणसालाच मिळाला. नक्कल करणारा माणूस स्वतः श्रमिक असतो. तो नक्कल करता करता स्वतःचे काही मिळवतो, आणि परंपरा पुढे जाते. यंत्राच्या नकलेत मूळ गायकाचे श्रम फुकट घेतले जातात आणि नव्या गायकाची मजुरीही वाचवली जाते. एकाच हालचालीत दोघांचा काटा काढला जातो, आणि दोघांचे उत्पन्न यंत्राच्या मालकाकडे वळते. मृत श्रम जिवंत श्रमावर स्वार होतो, असे मार्क्सने भांडवलाविषयी दाखवून दिले होते. येथे तर गायकाचाच कालचा श्रम त्याच्या आजच्या श्रमाचा प्रतिस्पर्धी म्हणून उभा केला जात आहे.

वस्तुतः गायकाचा आवाज आणि त्याचे नाव यांची ताटातूट हा या उद्योगाचा जुना रोग आहे. १९०२ मध्ये कलकत्त्यात गौहर जान यांचे ध्वनिमुद्रण झाले तेव्हा गाण्याच्या शेवटी त्या आपले नाव स्वतः उच्चारत. जर्मनीत तबकड्या घडवणाऱ्यांना गायिका कोण हे कळावे म्हणून. निदान तेथे नाव तरी होते. १९४९ च्या ‘महल’मधील अत्यंत गाजलेल्या गाण्याच्या तबकडीवर आरंभी लता मंगेशकर यांचे नावच नव्हते, पडद्यावरच्या पात्राचे, ‘कामिनी’चे, होते. पुढे साठच्या दशकात त्यांनी गायकांना स्वामित्वधनाचा वाटा मिळावा म्हणून आग्रह धरला, तेव्हा महंमद रफींसारख्या सहृदय कलावंतालाही ती मागणी पटली नाही. मानधन घेतले की गायकाचा संबंध संपला, असे त्यांचे मत होते. दोघांचे एकत्र गाणे काही वर्षे थांबले. कायद्याने गायकाचा वाटा मान्य करायला २०१२ साल उजाडले! आणि गोव्याहून मुंबईत आलेल्या वादकांचे व संयोजकांचे काय? अँथनी गोन्साल्विस, सेबास्टियन डिसूझा यांच्यासारख्यांच्या कर्तृत्वावर हिंदी चित्रपटसंगीताचा वाद्यमेळ उभा राहिला. त्यांची नावे श्रेयनामावलीत क्वचितच झळकली. पुढे सिंथेसायझर आला आणि शंभर-शंभर वादकांचे ताफे ध्वनिमुद्रणगृहातून बाहेर पडले. यंत्राने वाचवलेल्या मजुरीतील एक पैसाही त्यांच्यासाठी बाजूला ठेवला गेला नाही. तेव्हा हात गेले. आता गळ्याची पाळी आहे.

परदेशांतील कायद्यांकडे बोट दाखवून समाधान मानणाऱ्यांनी ते कायदे नीट वाचावेत. अमेरिकेतील टेनेसी राज्याने मार्च २०२४ मध्ये ‘एल्विस’ कायदा संमत केला आणि आवाजाला, त्याच्या कृत्रिम अनुकरणासह, संरक्षण दिले. पाऊल पुढचे आहे यात शंका नाही. पण त्या कायद्यात हा हक्क मुक्तपणे हस्तांतरित करता येण्याजोगी मालमत्ता ठरवला आहे, आणि गायकाशी एकाधिकाराचा करार असलेल्या ध्वनिमुद्रण कंपनीलाही दावा लावण्याची मुभा आहे. जो हक्क विकता येतो तो दुबळ्याच्या हातात किती दिवस टिकतो, हे शेतकऱ्याला सावकाराने कधीच शिकवले आहे. पहिल्या संधीसाठी आसुसलेला वीस वर्षांचा गायक करारावर सही करताना गळाही लिहून देईल, आणि कायदा त्या कागदाला मालकीहक्क म्हणून मान देईल.

जून २०२४ मध्ये बड्या ध्वनिमुद्रण कंपन्यांनी कृत्रिम संगीत तयार करणाऱ्या सुनो व उडिओ या कंपन्यांवर अमेरिकेत खटले भरले. कलेच्या रक्षणाची भाषा मोठ्या तोंडाने बोलली गेली. २०२५ च्या अखेरीस युनिव्हर्सलने उडिओशी आणि वॉर्नरने दोघींशी तडजोड करून परवान्याचे करार केले. कलावंतांची संमती घेतली जाईल, असे सांगण्यात आले. संमती! ज्याला उद्या त्याच कंपनीकडे काम मागायचे आहे त्याची संमती किती मोकळी असते, हे कामगार चळवळीला सांगण्याची गरज नाही. वादी आणि प्रतिवादी भागीदार झाले. ज्याच्या नावाने दावा चालला तो गायक न्यायालयाच्या पायरीवरच राहिला.

चांगली माणसे या व्यवसायात नाहीत असे नाही. ए. आर. रहमान यांनी २०२४ च्या ‘लाल सलाम’ चित्रपटात दोन दिवंगत गायकांचे आवाज यंत्राद्वारे वापरले, तेव्हा त्यांच्या कुटुंबीयांची परवानगी घेतली आणि मोबदला दिला, असे त्यांनी जाहीरपणे सांगितले. हे वर्तन अभिनंदनीय आहे. उलट एस. पी. बालसुब्रह्मण्यम यांचा आवाज असाच परस्पर वापरल्याबद्दल त्यांच्या कुटुंबीयांना एका चित्रपटाच्या निर्मात्यांना नोटीस द्यावी लागली. धन्याच्या सौजन्यावर मजुराचे वेतन अवलंबून असू नये, एवढ्यासाठीच तर किमान वेतनाचा कायदा आला. गळ्याच्या बाबतीत निराळा न्याय का?

मार्ग नाही असे नाही. इतिहासात तो सापडतो. ऑगस्ट १९४२ मध्ये अमेरिकेतील वादकांच्या संघटनेने जेम्स पेट्रिलो यांच्या नेतृत्वाखाली ध्वनिमुद्रणावर बहिष्कार घातला. तबकडी वादकाची रोजी खात होती, आणि ती तबकडी वादकच स्वतःच्या हाताने घडवत होता. दोन वर्षांहून अधिक काळ लढा चालला. अखेर नोव्हेंबर १९४४ पर्यंत सर्व बड्या कंपन्या नमल्या आणि विकल्या जाणाऱ्या तबकड्यांमागे ठरावीक रक्कम संघटनेच्या निधीत जमा करू लागल्या. त्या निधीतून कामाला मुकलेल्या वादकांना पैसे देऊन लोकांसाठी विनामूल्य कार्यक्रम केले गेले. यंत्र मोडले नाही. यंत्राचा नफा वाटून घेतला. या लढ्याचा दुसरा धडाही लक्षात ठेवण्यासारखा आहे. गायक त्या संघटनेत नव्हते, म्हणून कंपन्यांनी वाद्यांवाचून समूहगानाच्या तबकड्या काढून संप खिळखिळा करण्याचा प्रयत्न केला. २०२३ मध्ये हॉलिवूडच्या नटांनी ११८ दिवस संप केला आणि यंत्राने आपली प्रतिकृती करण्यापूर्वी संमती व मोबदला ही अट कंपन्यांच्या गळी उतरवली. जे न्यायालय एकेकाला देते, ते संघटना सर्वांना मिळवून देते.

म्हणून समाजवादी पक्षाची मागणी ‘आवाजाला मालमत्ता माना’ एवढीच असून चालणार नाही. आवाज हा माणसाच्या देहाचा भाग आहे आणि त्याच्या श्रमाचे साधन आहे. म्हणून त्यावरील हक्क अविक्रेय असला पाहिजे. अनुकरणाची परवानगी प्रत्येक कामापुरती, लेखी आणि मुदतीची असावी. कायमची परवानगी लिहून घेणारे कलम मुळातच निरर्थक ठरावे. २०१२ च्या दुरुस्तीने गीतकार-संगीतकारांच्या स्वामित्वधनाचा वाटा निर्मात्याला लिहून देण्यावर बंधन घातले, तेव्हा हे तत्त्व आपल्या कायद्याला परके नाही. यंत्राला कोणत्या गळ्यांवर शिकवले हे उघड करण्याची जबाबदारी कंपनीवर असावी आणि पुराव्याचा बोजाही तिच्यावरच. तक्रार जिल्ह्याच्या ठिकाणी, कामगार न्यायालयाच्या धर्तीवर, अल्प खर्चात चालावी. केंद्र सरकारच्या कार्यगटाने डिसेंबर २०२५ मध्ये कृत्रिम बुद्धिमत्तेच्या प्रशिक्षणासाठी सक्तीचा परवाना आणि मध्यवर्ती स्वामित्वधन सुचवले. त्या चर्चेचा रोख कृतींवर आणि त्यांच्या हक्कधारकांवर आहे. त्यातला ठरावीक हिस्सा कलावंतांच्या सामूहिक निधीत गेला पाहिजे, आणि त्या निधीच्या व्यवस्थापनात समूहगायक, वादक व लोककलावंत यांचे बहुमत असले पाहिजे. विडंबन, टीका, शिष्याचे अनुकरण आणि हौशी गायन यांना मात्र कायद्याचा स्पर्शही होता कामा नये. नाही तर कलावंताच्या नावाखाली सत्ताधारी आपल्या नकलाकारांची तोंडे बंद करतील.

हा ताऱ्यांचा प्रश्न आहे, आपला नव्हे, असे पुष्कळ कार्यकर्त्यांना वाटते. त्यांनी आपलाच इतिहास आठवावा. राष्ट्र सेवा दलाची कलापथके गावोगाव गेली तेव्हा समाजवाद लोकांच्या कानापर्यंत पोचला तो गाणाऱ्या गळ्यांतून. निळू फुले, दादा कोंडके यांच्यासारखे कलावंत त्या पथकांतूनच घडले. चळवळीने त्या गळ्यांचे ऋण कधी हिशेबात धरले नाही. ते फेडण्याची ही वेळ आहे. प्रत्येक तालुक्यात बँडवाले, ऑर्केस्ट्रातील गायक, भजनी, गोंधळी, तमाशा कलावंत यांची नोंद करणे, त्यांच्याकडून सही करून घेतलेले करार वाचून दाखवणे आणि त्यांना एका संघटनेत आणणे, हे काम दिल्लीतील विधेयकाची वाट न पाहता आजपासून करता येते. विधेयक संसदेत येईल तेव्हा कंपन्यांचे वकील तेथे हजर असतील. गायकांच्या बाजूला कोण उभे असेल, हे तोवर कार्यकर्त्यांनी ठरवायचे आहे.