नक्षीच्या आधी घडण

'बंगाली थाटाची बैठक हवी' अशी मागणी आली, की बऱ्याच सजावटकारांची खरेदी ठरलेली असते. दाराशी बांकुऱ्याचा उंच मानेचा घोडा, सोफ्यावर कांथाचे अभ्रे, भिंतीवर कालीघाट शैलीतली तोंडात मासा धरलेली मांजर. वस्तू बंगालच्या असतात, खोली मात्र कुठलीही वाटते. निवड नक्षी पाहून होते आणि ती ज्या घडणीतून उमटली, तिच्याकडे लक्षच जात नाही.

विष्णुपूरचे उदाहरण घ्यावे. मल्ल राजा रघुनाथ सिंहाच्या काळात तिथे 1643 साली श्यामराय आणि 1655 साली जोडबांगला ही मंदिरे उभी राहिली. विटा आणि भाजलेली माती हे हाताशी असलेले साहित्य. मातीची मोठी पाटी भट्टीत वाकते, तडकते. म्हणून भिंती लहान लहान फलकांनी मढवल्या. त्यांवर रामायण आहे, कृष्णलीला आहे, शिकार आणि नौकाही आहेत. हे सारे कोरीव काम उथळ उठावाचे, आणि ते खुलते तिरप्या उन्हात. आजच्या दिवाणखान्यात असाच फलक समोरून पडणाऱ्या सपाट प्रकाशात लावला, की चित्र मरते. दिवा भिंतीलगत, वरून किंवा बाजूने हवा. वर चकचकीत वॉर्निशही नको.

बांकुऱ्याचा घोडा घडतो पाचमुडा गावात. त्याचे पाय, मान आणि धड चाकावर वेगवेगळे घडवून मग जोडले जातात. भट्टीची भोके बंद करून धूर कोंडला की तीच माती काळी होते, भोके मोकळी ठेवली की लाल. हे दोन रंग मुळातच जोडीचे आहेत. त्यांवर सोनेरी रंग फासणे हा त्या कुंभाराच्या कौशल्याचा अपमान आहे.

डोकरा पद्धतीची ओतीव धातूची वस्तू तर प्रत्येक वेळी नव्याने जन्मते. बिकना किंवा दरियापूरचा कारागीर मातीच्या गाभ्यावर मेणाचे दोरे गुंडाळतो, मेण वितळून गेलेल्या जागी धातू ओततो आणि साचा फोडतो. अशा माणसाकडे कपाटांसाठी तंतोतंत एकसारख्या मुठी मागणे चूकच. मागचा स्क्रू आणि बैठक एका मापाची ठरवावी, आकार त्याच्यावर सोडावा.

कांथा आपल्या गोधडीची बहीण: जुन्या साड्या-धोतरांचे थर आणि धावदोरा. पण नक्षी कांथाला रचना असते. मध्ये कमळ, कोपऱ्यांत झाडे किंवा कोयऱ्या. ती कापून उशा शिवण्यापेक्षा अख्खा कांथा भिंतीवर ताणावा.

पिंगळ्याजवळच्या नया गावातले चित्रकार पट गाऊन दाखवतात, चौकटीमागून चौकट उलगडत. एक चौकट कापून फ्रेम केली, तर गोष्टच तुटते. लांब उभा पट जिन्याच्या भिंतीवर लावला, तर उतरताना तो वरून खाली क्रमाने वाचता येतो. वनस्पती-खनिजांचे रंग असल्याने थेट ऊन मात्र टाळायलाच हवे.

कामाच्या तपशीलपत्रकात 'टेराकोटा फलक, नग अमुक' एवढेच लिहून भागत नाही. गाव, कारागिराचे नाव आणि त्याने सांगितलेला दर हेही तिथे असले पाहिजे, आणि आगाऊ रक्कम नमुन्याच्या मंजुरीआधी पोचली पाहिजे. पावसाळ्यात कच्ची माती लवकर वाळत नाही. दिवाळीच्या गृहप्रवेशासाठी फलक हवे असतील, तर मागणी उन्हाळ्यातच नोंदवावी.