काठीलाही हिशेब हवा

पोलिसांच्या हातात काठी असावी का, असा प्रश्न आपल्यापैकी कुणी विचारणार नाही. गणपतीच्या मिरवणुकीत, गावच्या जत्रेत, रात्री उशिरा एस.टी. स्टँडवर उतरल्यावर समोर खाकी कपडे दिसले की जिवाला बरंच वाटतं. प्रश्न आहे तो वेगळा. ती काठी कुणावर चालली, कशासाठी चालली, किती चालली, हे नंतर विचारायचं कुणी? आणि विचारलं तर उत्तर द्यायचं कुणी?

परदेशात हा वाद टेझरवरून रंगतो. टेझर म्हणजे पिस्तुलासारखं दिसणारं, विजेचा झटका देणारं हत्यार. त्यातून दोन बारीक तारा सुटतात, अंगात रुततात आणि माणूस लुळा होऊन पडतो. गोळी घालण्यापेक्षा हे बरं, म्हणून ते पोलिसांच्या हाती आलं. पण त्यानेही माणसं दगावली. ऑक्टोबर २००७ मध्ये कॅनडातल्या व्हँकुव्हर विमानतळावर पोलंडहून एक चाळिशीचा माणूस उतरला, आईकडे कायमचा राहायला. इंग्रजीचा गंध नाही. तासन् तास तो आतच घुटमळत राहिला. बाहेर आई वाट पाहून पाहून थकली आणि आला नसेल असं समजून घरी परतली. आत वैतागून त्याने आदळआपट सुरू केली, तेव्हा पोलीस आले. त्यांना येऊन मिनिटभरही झालं नसेल, तोच टेझर चालला. एकदा नाही, पाच वेळा. तो तिथेच गेला. तो अंगावर आला, असं पोलीस म्हणत होते. पण एका प्रवाशाने सगळं चित्रित करून ठेवलं होतं. चौकशी आयोग बसला. टेझर चालवायचं कारण नव्हतं, असं आयोगाने सांगितलं आणि आयोगापुढे खोटं बोलल्याबद्दल चारपैकी दोन पोलीस पुढे दोषी ठरले.

मैत्रिणींनो, या टेझरची एक गोष्ट लक्षात ठेवण्यासारखी आहे. तो कधी चालला, किती सेकंद चालला, याची नोंद यंत्रातच राहते. आपल्याकडच्या काठीला आणि पट्ट्याला अशी स्मरणशक्ती नसते. चार भिंतींच्या आत काय झालं ते त्या भिंतींनाच ठाऊक!

दूरचं कशाला, सांगलीचंच घ्या. ६ नोव्हेंबर २०१७ रोजी सांगली शहर पोलिसांनी लुटमारीच्या आरोपावरून दोन तरुणांना पकडलं. त्यातला एक अनिकेत कोथळे. नंतर सांगण्यात आलं की दोघे पळून गेले. घरच्यांना ते पटेना, त्यांनी पिच्छा सोडला नाही. थोड्याच दिवसांत जे बाहेर आलं त्याने सगळी सांगली हादरली. मारहाणीत अनिकेत ठाण्यातच गेला आणि त्याचा मृतदेह आंबोलीला नेऊन जाळला, असा आरोप खुद्द पोलिसांवर आला. फौजदारासह पोलिसांना अटक झाली, तपास सीआयडीकडे गेला, उज्ज्वल निकम विशेष सरकारी वकील नेमले गेले. खटला हा न्यायालयाचा विषय. मला बोलायचंय ते आपल्याबद्दल. माझं माहेर सांगलीचं. त्या दिवसांत मंडईत, देवळाच्या पायरीवर, लग्नाच्या मांडवात हाच विषय होता. हळहळ सगळ्यांनाच होती, पण त्या हळहळीच्या शेपटाला एक वाक्य हमखास चिकटलेलं असायचं, "पकडलं म्हणजे काहीतरी केलंच असणार की!"

हे वाक्य मला फार भीतीदायक वाटतं. कारण ते आपणच बोलतो. टीव्हीवर बलात्काराची बातमी आली की आमच्या महिला मंडळातल्या शांत, देवभोळ्या बायकाही म्हणतात, "कोर्टात कशाला नेता? तिथंच गोळी घाला." त्यामागचा संताप मला समजतो. मुलगी क्लासवरून यायला दहा मिनिटं उशीर झाला की माझ्याही पोटात गोळा येतो. पण अशा गोळीने काय मिळालं ते बघा. डिसेंबर २०१९ मध्ये हैदराबादला डॉक्टर तरुणीवरच्या अत्याचाराचे चार आरोपी पोलिसांच्या गोळीने मेले. बायकांनी पोलिसांना राख्या बांधल्या, फुलं उधळली. मग न्यायमूर्ती सिरपूरकरांच्या आयोगाने चौकशी केली. गोळ्या मारण्याच्याच हेतूने झाडल्या होत्या आणि चारपैकी तिघे अल्पवयीन होते, असं त्यांचा अहवाल सांगतो. बदलापूरच्या शाळेतल्या चिमुरड्यांवर अत्याचार केल्याचा आरोप असलेला माणूस सप्टेंबर २०२४ मध्ये पोलिसांच्या गाडीतच मारला गेला. तेव्हाही पेढे वाटले गेले. जानेवारी २०२५ मध्ये दंडाधिकाऱ्यांच्या अहवालाने त्या मृत्यूला गाडीतल्या पाच पोलिसांना जबाबदार धरलं. आणि त्या मुलींच्या आयांचं काय? त्या आरोपीने नेमकं काय केलं, त्याला कुणी पाठीशी घातलं, हे भर न्यायालयात त्याच्या तोंडून वदवून घ्यायची संधी कायमची गेली.

आपल्या भागाला तर हे सांगायलाच नको. वडूजच्या मोर्चावर ९ सप्टेंबर १९४२ रोजी पोलिसांनी गोळ्या झाडल्या, नऊ जण हुतात्मा झाले. दुसऱ्या दिवशी इस्लामपुरात गोळीबार झाला. तेव्हा सातारा-सांगली हा एकच जिल्हा होता. क्रांतिसिंह नाना पाटलांच्या पत्री सरकारच्या गोष्टी ऐकत आपण वाढलो आणि गुंडांना जागच्या जागी शिक्षा, याचा आपल्याला अभिमानही वाटतो. पण ते सरकार उभं राहिलं ते दाद मागायला जागाच नव्हती म्हणून. आज आपण मत देतो, कर भरतो, पोलिसांचा पगार आपल्या पैशातून होतो. मग जाब विचारायला कचरायचं का?

आणि आपण बायकांनी तर मुळीच कचरू नये. कारण कुंपणाने शेत खाल्लं तर आधी बाईच भरडली जाते. १९७२ साली देसाईगंजच्या पोलीस ठाण्यात मथुरा नावाच्या आदिवासी मुलीवर बलात्कार झाला. घरचे बाहेर उभे होते! सर्वोच्च न्यायालयाने १९७८ मध्ये दोन्ही पोलिसांना सोडलं, कारण काय तर तिच्या अंगावर झटापटीच्या खुणा नाहीत. कायद्याच्या चार प्राध्यापकांनी सरन्यायाधीशांना खुलं पत्र लिहिलं, त्यात वसुधा धागमवार होत्या, लतिका सरकार होत्या. देशभर बायका रस्त्यावर आल्या आणि १९८३ मध्ये कायदा बदलला. कोठडीतला बलात्कार हा वेगळा, जास्त कडक शिक्षेचा गुन्हा ठरला. त्याच वर्षी पत्रकार शीला बारसे यांच्या पत्रावरून सर्वोच्च न्यायालयाने सांगितलं, बायकांची कोठडी वेगळी हवी, पहाऱ्याला महिला पोलीस हव्यात, बाईची चौकशी महिला पोलिसाच्या समोरच व्हायला हवी. कोठडीबद्दलचे हे नियम असे बायकांनी लढून मिळवलेले आहेत. ते 'गुन्हेगारांचे लाड' नव्हेत.

आता एक माझ्या कामातला अनुभव. आमच्या गावाशेजारची एक भाजीवाली एके सकाळी दारात आली. "ताई, पोरगं काल सांजच्याला नेलंय. गाडीचोरीची चौकशी हाय म्हनत्यात. अजून सोडलं न्हाई, अटक केली का तेबी सांगत न्हाईत." आम्ही दोघी-तिघी ठाण्यात गेलो. टेबलामागचे जमादार म्हणाले, "अहो बाई, अटक कुठं केलीय? नुसतं बसवून ठेवलंय." मी म्हटलं, "साहेब, कायद्यात 'बसवून ठेवणं' कुठल्या कलमात येतं तेवढं लिहून द्या. अटक असेल तर कागद दाखवा, नसेल तर पोरगा घरी जाऊ दे." आवाज न चढवता एवढंच. तासाभरात मुलगा बाहेर आला. काय झालं ते त्याने सांगितलं नाही, पण त्याच्या चालण्यातून सगळं कळत होतं. आईने रात्री हळद-तेल चोळलं. तक्रार करू म्हटलं तर हात जोडून म्हणाली, "नको ताई, आमाला हितंच ऱ्हायाचंय."

हे "हितंच ऱ्हायाचंय" फार मोठं आहे. त्यापुढे कायद्याची पुस्तकं फिकी पडतात. म्हणून तर एकटीने नाही, चौघींनी मिळून जायचं. जाताना काय माहीत असावं ते सांगते.

अटक झाली की अटकेचा कागद तयार व्हायला हवा, त्यावर घरच्या माणसाची किंवा गावातल्या प्रतिष्ठित साक्षीदाराची सही हवी आणि घरी कळवायला हवं. वैद्यकीय तपासणी व्हायला हवी. सर्वोच्च न्यायालयाने डी. के. बसू खटल्यात १९९६ मध्येच हे सांगितलंय. प्रवासाचा वेळ सोडून २४ तासांच्या आत न्यायाधीशांपुढे उभं करायला हवं, हे तर राज्यघटनेतच आहे. तिथे "मारलं का?" असं विचारलं तर खरं सांगायचं, हे मुलाला आधीच सांगून ठेवा. सूर्य मावळल्यापासून उगवेपर्यंत बाईला अटक करता येत नाही; अगदी अपवादात्मक कारण असेल तर महिला अधिकाऱ्याने आधी न्यायाधीशांची लेखी परवानगी घ्यावी लागते. साक्षीदार म्हणून विचारपूस करायची तर बाईला ठाण्यात बोलावता येत नाही, पोलिसांनी तिच्या घरी यायचं. वकिलाला पैसे नाहीत? बाईला, तिचं उत्पन्न कितीही असो, जिल्हा विधी सेवा प्राधिकरणाकडून मोफत वकील मिळतो. कोठडीत असलेल्यालाही मिळतो. १ जुलै २०२४ पासून जुन्या कायद्याच्या जागी नागरिक सुरक्षा संहिता आली, कलमांचे आकडे बदलले, पण हे हक्क कायम आहेत.

आणि कॅमेरे. प्रत्येक ठाण्यात सीसीटीव्ही लावा, असं मुंबई उच्च न्यायालयाने २०१४ मध्ये सांगितलं. डिसेंबर २०२० मध्ये सर्वोच्च न्यायालयाने आवाजासह, रात्रीही दिसेल असे कॅमेरे कोठडीच्या बाहेर, आवारात, सगळीकडे लावायला सांगितलं. चित्रण दीड वर्ष, निदान एक वर्ष तरी जपायला सांगितलं. तरीही सप्टेंबर २०२५ मध्ये बंद कॅमेऱ्यांची दखल त्याच न्यायालयाला स्वतःहून घ्यावी लागली. टेझरची ती स्मरणशक्ती आपल्याकडे या कॅमेऱ्यातच आहे, आणि तीच बंद असेल तर?

पोलिसांचीही बाजू आहे, ती मी जाणते. माझ्या शेजारी पोलीस लाईनीतली मैत्रीण राहते. सण आपले आणि बंदोबस्त त्यांना. माणसं कमी, वरून "दोन दिवसांत चोर हजर करा" हा दट्ट्या. तपासाचं शास्त्र शिकवायला वेळ नाही, मग पट्टा जवळचा वाटतो. पण पोलिसांपुढे दिलेला कबुलीजबाब न्यायालयात पुरावा धरत नाहीत. मारून वदवलेलं तिथे टिकत नाही, खरा चोर मोकळा राहतो. चोर सोडून संन्याशाला फाशी, ती हीच. त्यामुळे हिशेब मागणं हे चांगल्या पोलिसाच्याही फायद्याचं आहे. ज्याने हात उगारला नाही, त्याला कॅमेऱ्याची भीती कसली?

दाद मागायलाही जागा आहे. सर्वोच्च न्यायालयाच्या २००६ च्या आदेशानंतर महाराष्ट्राने २०१४ मध्ये कायदा दुरुस्त करून पोलीस तक्रार प्राधिकरणाची तरतूद केली. ते राज्याला एक आणि विभागवार, सातारा-सांगली पुणे विभागात येतात. राज्य मानवी हक्क आयोग मुंबईला आहे. आणि परभणी प्रकरणातल्या विजयाबाई सूर्यवंशींचं उदाहरण डोळ्यांपुढे ठेवा. त्यांचा मुलगा सोमनाथ, कायद्याचा विद्यार्थी, डिसेंबर २०२४ मध्ये कोठडीत गेला. या माउलीने उच्च न्यायालयाचं दार ठोठावलं. जुलै २०२५ मध्ये औरंगाबाद खंडपीठाने गुन्हा नोंदवायला सांगितलं आणि त्याविरुद्धचं सरकारचं म्हणणं सर्वोच्च न्यायालयानेही ऐकलं नाही.

बचत गटाच्या पुढच्या बैठकीत हप्ते गोळा झाले की वरचे नियम वाचून दाखवा. तुमच्या ठाण्याच्या महिला दक्षता समितीत कोण आहे ते शोधा आणि तिला एक काम सांगा. महिन्यातून एकदा ठाण्यात जाऊन विचारायचं, "साहेब, कॅमेरे चालू आहेत ना? जरा दाखवता का?" गोड बोलून, पण दर महिन्याला, न चुकता.