परिशिष्ट-2 मध्ये आपला विहार कुठे आहे?

मुंबई महापालिकेची मुदत मार्च 2022 मध्ये संपली आणि त्यानंतर जवळजवळ चार वर्षे या शहराचा कारभार प्रशासकाच्या सहीने चालला. जानेवारी 2026 मध्ये एकदाची निवडणूक झाली. 227 प्रभागांपैकी अनुसूचित जातींसाठी राखीव होते अवघे 15. या निवडणुकीच्या आधी आणि नंतर आम्ही पूर्व उपनगरांतल्या आणि मध्य मुंबईतल्या बऱ्याच मंडळींशी बोललो. त्यांत निवडून आलेले होते, पडलेले होते, तिकीट मिळाले नाही म्हणून घरी बसलेले होते. आपल्याच निरनिराळ्या गटांचे वॉर्ड अध्यक्ष होते, विहार कमिट्यांचे चिटणीस होते, पँथरच्या काळापासून निळा झेंडा खांद्यावर घेतलेले जुने कार्यकर्तेही होते. प्रत्येकाला आम्ही एकच साधा प्रश्न विचारला. तुमच्या भागातल्या किती वस्त्यांचे परिशिष्ट-2 तयार झाले आहे, आणि त्यात बुद्धविहाराची नोंद काय म्हणून आहे?

सांगायला खेद वाटतो, पण नेमके उत्तर फार थोड्यांना देता आले. इंदू मिलच्या स्मारकाचे काम कुठवर आले हे सगळ्यांना तोंडपाठ होते. 14 एप्रिलच्या मिरवणुकीचा मार्ग, डीजेची परवानगी, 6 डिसेंबरला चैत्यभूमीवर लावायचा स्टॉल, कोणत्या गटाने कोणाशी युती करायला नको होती, यावर तासतासभर बोलणे झाले. हे विषय हलके आहेत असे आमचे म्हणणे नाही. पण ज्या गल्लीतून ती मिरवणूक निघते ती गल्लीच पाच वर्षांनी शिल्लक राहणार आहे का, आणि राहिली नाही तर तिच्यातली माणसे कुठे जाणार आहेत, हा प्रश्न नेत्याच्या डायरीत नसेल तर मग कुणाच्या डायरीत असायचा?

ज्या वाचकांच्या वस्तीत अजून बिल्डरची गाडी आलेली नाही त्यांच्यासाठी थोडे सांगितले पाहिजे. झोपडपट्टी पुनर्वसन योजनेत, म्हणजे लोकांच्या भाषेत एसआरएत, वस्तीतल्या प्रत्येक झोपडीची आणि झोपडीधारकाची जी यादी सक्षम प्राधिकारी प्रमाणित करतो तिचे नाव परिशिष्ट-2. पात्र कोण आणि अपात्र कोण, घर राहते की दुकान, हे सगळे त्या यादीत ठरते. 1 जानेवारी 2000 पूर्वीच्या वास्तव्याचा पुरावा असेल तर घर मोफत. 2000 नंतरचा पण 1 जानेवारी 2011 पर्यंतचा पुरावा असेल तर 2023 च्या शासन निर्णयाप्रमाणे अडीच लाख रुपये भरून घर. त्यानंतर आलेला माणूस अपात्र. पोटमाळ्यावर राहणारा भाऊ, त्याची बायको आणि पोरे यांची स्वतंत्र गणना नेहमीच्या एसआरए योजनेत होतच नाही. मतदार यादीत नाव नसले तर पाच वर्षांनी पुन्हा घालता येते. परिशिष्ट-2 मध्ये नाव नसले तर इमारत उभी राहते आणि आपण रस्त्यावर राहतो.

2011 च्या जनगणनेप्रमाणे मुंबईतले सुमारे 41 टक्के लोक झोपडपट्टीत राहत होते. त्यात आपला समाज किती हे कोणत्याही वस्तीच्या कमानीवरचे नाव वाचले की कळते. भीमनगर, रमाबाई नगर, सिद्धार्थ नगर, पंचशील नगर, गौतम नगर! राखीव 15 प्रभागांच्या बाहेर उरलेल्या 212 प्रभागांतही ही नावे जागोजागी आहेत. म्हणून हा प्रश्न फक्त राखीव जागेवरच्या नगरसेवकाचा नाही.

एका माजी नगरसेवकांनी आम्हाला स्पष्टच सांगितले, “साहेब, एसआरए आमच्या हातात नाही. आमचा संबंध गटार, नळ आणि लादीकरणापुरता.” हे अर्धे खरे आहे. झोपडपट्टी पुनर्वसन प्राधिकरण हे स्वतंत्र नियोजन प्राधिकरण आहे आणि त्याचे अध्यक्ष खुद्द मुख्यमंत्री असतात. नगरसेवकाला तिथे खुर्ची नाही. पण महापालिकेच्या जमिनीवरच्या कितीतरी वस्त्यांची परिशिष्टे वॉर्ड ऑफिसातच, कॉलनी ऑफिसरच्या टेबलावर तयार झाली. त्याच ऑफिसात हे साहेब रोज सकाळी अकरा वाजता चहा घेत होते! प्रारूप यादी लागते, हरकतींसाठी मुदत दिली जाते, ती यादी भिंतीवर चिकटवलेली असते. ती वाचून गल्लीत येऊन सांगायला कोणत्या कायद्याने मनाई केली होती? अपिलाची मुदत निघून गेली की तीच माणसे पिशवीत कागद घेऊन कोर्टाच्या आवारात येतात आणि वकील शोधतात. तोवर वकिलाच्या हाती फारसे उरलेले नसते.

पण आमचा मूळ प्रश्न विहाराचा होता. इथे जे ऐकायला मिळाले ते ऐकून आमची झोप उडाली.

वस्तीतला विहार आपल्या बापजाद्यांनी वर्गणी काढून बांधला. कुणी विटा दिल्या, कुणी पत्रे दिले, कुणी रात्रपाळी करून येऊन सकाळी घमेली उचलली. तिथे मुलांचे अभ्यासवर्ग चालले, वर्षावासात ग्रंथवाचन झाले, लग्ने लागली, मोर्चे निघाले. पण कागदावर हा विहार काय आहे? बहुतेक ठिकाणी काहीच नाही. सार्वजनिक विश्वस्त व्यवस्था अधिनियम 1950 खाली नोंदणी नाही. असली तरी फेरफार अर्ज वर्षानुवर्षे दिलेला नाही, विश्वस्त मंडळातले निम्मे लोक हयात नाहीत. लाइट बिल कुणातरी एका कार्यकर्त्याच्या नावावर आहे, कारण त्या वेळी मीटर घ्यायला एक नाव लागत होते. सर्व्हे करणारा येतो, बिल बघतो आणि लिहितो: अमुक अमुक, अनिवासी. झाला विहाराचा गाळा! काही ठिकाणी ‘समाजमंदिर’ अशी नोंद आहे, काही ठिकाणी नुसते ‘सभागृह’. मग आराखडा येतो तेव्हा बिल्डर म्हणतो, सोसायटीचे ऑफिस दिले, बालवाडी दिली, कल्याण केंद्र दिले, आता विहार कुठला? धार्मिक वास्तूला नियमाप्रमाणे पूर्वी होती त्यापेक्षा जास्त जागा देता येत नाही. आणि पूर्वी होती हे सिद्ध करायला आपल्याकडे कागद नाही.

एका चिटणीसांना आम्ही हे समजावून सांगत होतो. ते म्हणाले, “विहाराला हात लावायची कुणाची टाप आहे? समाज रस्त्यावर येईल.” येईल, याबद्दल आम्हाला शंका नाही. 25 जून 2016 च्या पहाटे दादरचे आंबेडकर भवन पाडले गेले, बाबासाहेबांचा बुद्धभूषण प्रेस पाडला गेला, तेव्हा 19 जुलैला मुंबईत केवढा मोर्चा निघाला ते सर्वांनी पाहिले. पण भवन पहाटेच पडले होते. मोर्चाने पाडणाऱ्यांना जाब विचारता येतो, पडलेली भिंत उभी करता येत नाही. आणि खुद्द बाबासाहेबांच्या वास्तूची ही गत होते, तर पत्र्याच्या विहाराची काय कथा?

आता एक कटू गोष्ट. वस्तीतल्या नियोजित सोसायटीचा चेअरमन बऱ्याचदा आपल्याच चळवळीतला असतो. कालपर्यंत जयंती मंडळाचा अध्यक्ष होता, आज संमतीपत्रांवर सह्या गोळा करतो. पूर्वी 70 टक्के झोपडीधारकांची संमती लागत असे. ती अट आता 51 टक्क्यांवर आली आहे. म्हणजे शंभरातल्या 51 जणांना पटवले की उरलेल्या 49 जणांना घर सोडावे लागते. हे 51 पटवण्याचे काम कोण करू शकतो? ज्याला गल्लीतला प्रत्येक जण ‘जयभीम’ घालतो तोच. बिल्डरला ही गोष्ट आपल्या नेत्यांपेक्षा आधी कळली.

अशा एका चेअरमनशी आम्ही बोललो. त्यांना दलाल म्हणून मोकळे होणे सोपे होते, पण त्यांचे म्हणणेही ऐकले पाहिजे. ते म्हणाले, “तुम्ही फ्लॅटमध्ये राहता साहेब. माझी आई सार्वजनिक संडासाच्या रांगेत म्हातारी झाली. पक्ष पक्ष करत तीस वर्षे गेली, एका पक्षाने इथे वीट लावली नाही. बिल्डर निदान नकाशा घेऊन तरी आला.” या बोलण्याला आमच्याकडे उत्तर नव्हते आणि चळवळीकडेही नाही. वस्तीतल्या माणसाला चांगले घर हवे आहे, आणि हवेच. आमचा आक्षेप घराला नाही. आक्षेप आहे तो 51 सह्या झाल्यावर कागद कपाटात बंद करण्याला, सर्वसाधारण सभेत बायकांना मागे बसवण्याला, आणि भाड्याचा चेक बंद झाला की चेअरमनचा फोनही बंद होण्याला. दोन वर्षांचे भाडे आगाऊ जमा करण्याचा नियम झाला आहे तो उगाच झालेला नाही. त्याआधी कित्येक कुटुंबे भाडे थकल्यामुळे बदलापूर-टिटवाळ्याकडे गेली आणि तिकडचीच झाली. सर्वोच्च न्यायालयाने 30 जुलै 2024 च्या निकालात या झोपडपट्टी कायद्याच्या अंमलबजावणीचे परीक्षण करावे असे मुंबई उच्च न्यायालयाला सांगितले. त्या वेळी या एका कायद्याखालची सोळाशेच्या वर प्रकरणे उच्च न्यायालयात पडून होती. या आकड्यातले आपले किती, हे ओळखायला फार हुशारी लागत नाही.

घाटकोपरच्या रमाबाई आंबेडकर नगराचे उदाहरण घ्या. 11 जुलै 1997 रोजी बाबासाहेबांच्या पुतळ्याची विटंबना झाली आणि राज्य राखीव दलाच्या गोळीबारात आपले 10 जण गेले. ते रमाबाई नगर आज पुनर्विकासात आहे. इथे खासगी बिल्डर नाही, एसआरए आणि एमएमआरडीए मिळून 16 हजारांहून अधिक घरे बांधणार आहेत. सरकार बांधते आहे म्हणून निर्धास्त राहावे, असे काही कार्यकर्त्यांचे मत पडले. आमचे मत तसे नाही. यादी सरकारनेच केली म्हणून चुकत नाही असे थोडेच आहे! त्या भागातल्या एका आजीबाईंनी विचारलेला प्रश्न आम्हाला अधिक शहाणपणाचा वाटला. “घर माझ्या सुनेच्या नावावर होईल का? का नुसतं पोराच्या?” नियमाप्रमाणे घर पती आणि पत्नी दोघांच्या नावे होते. हे त्यांना त्या दिवसापर्यंत कुणी सांगितले नव्हते. ना नेत्याने, ना सर्व्हेवाल्याने, ना महिला आघाडीने.

अपात्रांबद्दल तर कुणी बोलायलाच तयार नाही. पात्र माणूस म्हणतो, त्याच्यामुळे माझी योजना अडेल. नेता म्हणतो, त्याचे मत इथे नाही. एका गल्लीत, एका विहारात वाढलेली माणसे एका यादीने दोन जातींची करून टाकली! धारावीत अपात्रांसाठी धारावीबाहेर भाड्याची घरे ठरली आहेत. बाहेर म्हणजे कशा जागी, हे माहुलने आपल्याला शिकवले आहे. तानसा जलवाहिनीवरच्या कुटुंबांना तिथे नेऊन टाकले, तेलशुद्धीकरण कारखान्यांच्या शेजारी. शेवटी 2019 मध्ये उच्च न्यायालयाला सांगावे लागले की दुसरीकडे घर द्या, नाहीतर महिना 15 हजार रुपये भाडे द्या. पवईच्या जयभीम नगरातल्या सहाशेहून अधिक झोपड्या 6 जून 2024 ला, पावसाच्या तोंडावर तोडल्या गेल्या. ती माणसे फुटपाथवर आली. 1985 च्या ओल्गा टेलिस निकालात घटनापीठाने उपजीविकेचा हक्क कलम 21 मध्ये मोडतो असे म्हटले, हे आपल्या प्रत्येक शिबिरात सांगितले जाते. त्याच निकालाने नोटीस देऊन हटवण्याची मुभाही दिली, आणि पर्यायी जागा देण्याच्या बाबतीत 1976 च्या गणनेतली ओळखपत्रे असणाऱ्यांचा वेगळा विचार केला, हे मात्र सांगितले जात नाही. तेव्हाही प्रश्न कागदाचाच होता.

आणखी एक गोष्ट बोलण्यात कुणी काढली नाही. वरळीच्या बीडीडी चाळींतल्या पहिल्या 556 कुटुंबांना ऑगस्ट 2025 मध्ये 500 चौरस फुटांची घरे मिळाली. मिळाली ते उत्तम झाले. त्या चाळींत आपली मोठी वस्ती आहे आणि 1974 मध्ये तिने काय सोसले ते जुन्या लोकांना आठवते. पण तिकडे 500 आणि झोपडपट्टीत 300, हा फरक कशाच्या आधारावर? दोन्हीकडे कष्टकरीच आहेत, दोन्हीकडे खोल्या लहानच होत्या, आणि कित्येक झोपडपट्ट्याही सरकारच्याच जमिनीवर आहेत. महापालिकेच्या निवडणुकीत एका तरी सभेत हा प्रश्न यायला हवा होता.

या सगळ्या बोलण्यांत आम्हाला एका वस्तीतली कॉलेजची पाच-सहा मुले-मुली भेटली. कोणत्याच गटात नाहीत. रविवारी वंदना झाल्यावर विहारातच टेबल मांडून बसतात आणि घरोघरचे कागद तपासतात. फोटोपास, 2000 च्या आधीच्या मतदार यादीतला उतारा, जुने लाइट बिल, शाळेचा दाखला. ज्याचे नाव चुकले त्याला आधीच सांगतात की दुरुस्ती कुठे आणि कधी करायची. यासाठी त्यांना नगरसेवक लागला नाही की आमदार. विहाराची नोंदणी करायची म्हणून ते आमच्याकडे आले. मीटर ज्यांच्या नावावर आहे ते गृहस्थ वारले आहेत. त्यांच्या तीन वारसांपैकी दोघांनी ना हरकत लिहून दिली. तिसरा नाशिकला असतो आणि तो म्हणतो, गाळा माझ्या बापाचा आहे. पुढच्या आठवड्यात आम्ही त्याला भेटायला जाणार आहोत.