गुन्हा कबूल करण्यापूर्वी

‘गुन्हा कबूल आहे काय?’ असे न्यायाधीश विचारतात आणि आरोपी ‘होय, साहेब’ म्हणून मोकळा होतो. पाच मिनिटांत प्रकरण निकालात निघते. दंड भरून माणूस सिल्लोडच्या न्यायालयाबाहेर पडतो आणि भराडी, अंभई वा अजिंठ्याकडे जाणारी एसटी गाठतो. रोज मोडला नाही, पुढची तारीख पडली नाही, याचेच त्याला समाधान वाटते. आपल्या त्या दोन शब्दांनी मागे कोणते दार लागले, याची त्याला वार्ताही नसते.

ते दार अपिलाचे आहे. १ जुलै २०२४ पासून अमलात आलेल्या भारतीय नागरिक सुरक्षा संहितेचे ४१६ वे कलम सांगते की, आरोपीने गुन्हा कबूल केला आणि त्या कबुलीवरून त्यास दोषी ठरविले गेले, तर त्या निर्णयाविरुद्ध त्यास अपील करता येणार नाही. शिक्षा किती द्यावी व ती कायदेशीर आहे की नाही, एवढ्यापुरतीच काय ती सवलत आहे. हा नियम नवा नव्हे. १९७३ च्या संहितेत तो ३७५ व्या कलमात होता आणि इंग्रजांच्या १८९८ च्या संहितेत ४१२ व्या. राज्य बदलले, संहिता बदलल्या, पण हे दार पूर्वीसारखेच राहिले.

नियमामागील तत्त्व आम्हांस अमान्य नाही. जाणूनबुजून दिलेला शब्द माणसाने फिरवू नये, हे योग्यच आहे. मार्च १९२२ मध्ये अहमदाबादेस महात्मा गांधींनी राजद्रोहाचा आरोप कबूल केला. सरकारी वकिलांनी पूर्ण खटला चालविण्याचा आग्रह धरला असताही न्यायमूर्ती ब्रूमफील्ड यांनी ती कबुली स्वीकारली आणि सहा वर्षांची शिक्षा दिली. गांधीजींनी ती हसतमुखाने पत्करली. परंतु गांधीजी बॅरिस्टर होते. आपण काय बोलतो आहोत व त्याचे फळ काय, हे त्यांस न्यायाधीशाइतकेच ठाऊक होते. कपाशीच्या वेचणीचा दिवस बुडवून कचेरीत आलेल्या मजुरास ते ठाऊक असते काय?

आम्ही शाळेत शिकवीत होतो, तेव्हाची एक गोष्ट आम्हांस आठवते. फुटलेल्या दौतीबद्दल सगळ्या वर्गास थांबवून ठेवले, म्हणजे अखेर एखादे गरीब पोर उभे राहून ‘मीच फोडली’ म्हणे. कारण त्याला घरी जावयाचे असे. आम्ही ती कबुली खरी मानली आणि छडी उगारली, याची खंत अजून वाटते. तालुक्याच्या न्यायालयात दारूबंदीच्या वा जुगाराच्या आरोपाखाली उभा राहिलेला तरुण यापेक्षा निराळा नसतो. ‘कबूल कर, दंड भर, मोकळा हो’ असे कोणीतरी कानात सांगते. पुढे नोकरीची वेळ येते, पोलिसांकडून चारित्र्याची पडताळणी होते आणि ते दोन शब्द कागदावर उभे राहतात.

याउलट एक चित्र पाहा. २० जुलै २००९ रोजी मुंबईच्या विशेष न्यायालयात अजमल कसाब याने उभे राहून आपला गुन्हा कबूल केला. न्यायाधीश तहलियानी यांनी तो जबाब नोंदविला, पण केवळ त्यावर निकाल दिला नाही. पुरावा पुढे चालला, आणि त्याची शिक्षा उच्च न्यायालयात व २०१२ मध्ये सर्वोच्च न्यायालयात तपासली गेली. हे योग्यच झाले आणि यात आपल्या न्यायसंस्थेची थोरवी आहे. मात्र एवढ्या क्रूर गुन्ह्याच्या आरोपीस जी सावधगिरी लाभली, तिचा अल्प अंश तरी सिल्लोडच्या मजुरास लाभू नये काय?

दार अगदीच बंद आहे असे नाही. शिक्षेपुरते अपील ३० दिवसांत सत्र न्यायालयात करता येते. कबुली समजून दिलेली नव्हती, किंवा कबूल केलेल्या गोष्टींतून गुन्हाच सिद्ध होत नव्हता, तर ९० दिवसांत पुनरीक्षणाचा अर्ज करता येतो. त्यासाठी सत्र न्यायालय आहे आणि १९८१ पासून औरंगाबादेस उच्च न्यायालयाचे खंडपीठही आहे. हलक्या शिक्षेच्या आमिषाने कबुली मिळवावयाची व वरच्या न्यायालयाने ती शिक्षा वाढवावयाची, हे घटनेच्या २१ व्या अनुच्छेदाशी विसंगत आहे, असे सर्वोच्च न्यायालयाने पूर्वीच सांगितले आहे. पण पुनरीक्षण ही न्यायालयाची कृपादृष्टी आहे, अपिलासारखा हक्क नव्हे. दंडाची पावती खिशात घालून गेलेल्या माणसास ९० दिवसांची मुदत सांगणार तरी कोण?

म्हणून उपाय दाराबाहेर नव्हे, दाराच्या आत हवा. कायद्याने न्यायाधीशास कबुलीवरून दोषी ठरविण्याची सक्ती केलेली नाही. तो त्याच्या विवेकाचा प्रश्न ठेवला आहे. छोट्या खटल्यांत कबुली शक्यतो आरोपीच्याच शब्दांत लिहावी, असेही कायदा म्हणतो. ही दोन कलमे मनापासून पाळली तरी निम्मे काम होईल. मोफत वकिलाचा हक्क आरोपीस सांगितलाच पाहिजे, हे सर्वोच्च न्यायालयाने १९८६ मध्ये बजावले आहे. तालुका विधी सेवा समितीचा वकील आरोपीपाशी कबुलीपूर्वी उभा राहो. आणि ‘यानंतर तुला अपील करता येणार नाही’ हे वाक्य स्वच्छ मराठीत त्याच्या कानी पडो. यास कायदा बदलावा लागत नाही, खर्चही लागत नाही; दोन मिनिटे मात्र लागतात. माणसाच्या आयुष्यावरचा डाग टाळण्यासाठी न्यायालयाने तेवढी दोन मिनिटे काढावीत, ही आमची मागणी अवास्तव आहे, असे कोण म्हणेल?